गिरगाव ते वरळी, आरामशीर

आमच्या ओळखीतली माणसं निवृत्त झाली की युरोपला जातात. परत आल्यावर बर्फातले फोटो दाखवतात आणि तिथेसुद्धा पोळीभाजी कशी मिळाली ते कौतुकाने सांगतात. आम्ही नवराबायको गिरगावहून वरळीला गेलो. सायकलने गेलो आणि तीन दिवस लागले. टॅक्सीने फार तर अर्धा तास लागतो, हे वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने आम्हाला न विचारता सांगितलं आहे, त्यामुळे वाचकांनी ती तसदी घेऊ नये.

प्रवासाचं कारण गुडघा. माझी बायको सुलभा जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा बदलला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा चाळीतल्या चौघांनी तिला स्ट्रेचरवरून तीन जिने वर चढवलं. वर पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "यापुढे मला कुणी उचलायचं नाही." पुढचे कित्येक महिने तिने गिरगाव फक्त गॅलरीतून पाहिलं.

आमचा मुलगा निखिल खारघरला राहतो. चौदावा मजला, शेजारी शेजारी दोन लिफ्ट. दर रविवारी त्याचा फोन, "आई, बाबा, खोली देऊन टाका आणि इकडे या." त्यावरून घरात दोन पक्ष पडले. मी उघडपणे खारघर पक्षाचा. मला लिफ्टची ओढ आहे आणि घरातल्या घरात असणाऱ्या संडासाची त्याहून जास्त. सुलभा गिरगाव पक्षाची. वाद चिघळला तेव्हा तिनेच फोनवर गणित मांडलं.

"वरळी कोळीवाड्यात जयवंती राहते," ती निखिलला म्हणाली. जयवंती ही तिची शाळेतली मैत्रीण. ऑपरेशननंतर दर आठवड्याला डब्यातून बोंबलाचं कालवण घेऊन ती तीन जिने चढून येत होती. "मी माझ्या पायांनी जयवंतीच्या घरी जाणार. पोचले तर आम्ही गिरगावात राहणार. नाही पोचले तर तुझी लिफ्ट."

"आई, पायांनी म्हणजे?"

"सायकलच्या पायडलवर पायच ठेवतात ना?"

डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला सांगितलीच होती. धक्के बसता कामा नयेत आणि एका दिवशी थोडंच, एवढी अट. मी घरात एका जागी उभी राहणारी सायकल आणू या म्हणालो होतो. "गरगर फिरून कुठेच न पोचायला मी काय पंखा आहे?" असं उत्तर मिळालं.

आता केतकीची ओळख. ती माझी पुतणी. दादरला राहते, कॉम्प्युटरवर काम करते. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी दक्षिण-मध्य मुंबईचा एक नकाशा करायला घेतला होता. जवळचा रस्ता कोणता, लवकर पोचवणारा कोणता, हे सांगणारे नकाशे पुष्कळ आहेत. हा नकाशा सायकलवाल्याला आरामशीर रस्ता सांगणार होता. कृत्रिम बुद्धिमत्तेने गल्लीबोळांचे हजारो फोटो बघून प्रत्येक रस्त्याला मार्क दिले होते. आरामशीर रस्ता हिरवा, बरा रस्ता पिवळा, नको तो लाल. नकाशा तयार होता, आता तो साध्या माणसांनी चालवून बघायला हवा होता.

"काकू, तुमच्यासारखं कुणीतरी हवंच होतं," केतकी म्हणाली. "आमच्याकडे सगळे हेल्मेट घालून पहाटे लोणावळ्याला जाणारे आहेत. त्यांना खड्ड्यातही आराम वाटतो."

सुलभासाठी तिने एक तीनचाकी सायकल मिळवून दिली. पुढे एक चाक, मागे दोन, आणि त्या दोन चाकांच्या मध्ये एक जंगी तारेची टोपली. माझ्यासाठी माझीच जुनी सायकल.

पहिला दिवस: खेतवाडी, चिंचपोकळी, लालबाग

चाळीने आम्हाला हिमालयात जात असल्यासारखा निरोप दिला. सुलभा कठडा धरत तीन जिने आपली आपण उतरली. कुणी ओवा दिला, कुणी क्रेप बँडेज. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी हातावर दही घातलं. दिवस मार्चच्या सुरुवातीचे, ऊन अजून सोसवण्याजोगं. जोडून सुट्ट्या आल्या होत्या म्हणून रस्तेही जरा मोकळे. सुलभाने हँडलवर फोन लावला आणि त्यातून बातम्या देणाऱ्या बाईंसारखा आवाज आला.

"आरामशीर प्रवासात आपले स्वागत आहे. सौम्य डावीकडे वळा."

सुलभाने ब्रेक दाबला. "सौम्य डावीकडे म्हणजे काय? डावीकडे एकच असतं. सौम्य असलं तर वळण असेल."

"अगं, यंत्र आहे ते."

"यंत्राला मराठी शिकवणारं कुणी असेल ना?"

तिने तिथूनच केतकीला फोन लावून पहिली तक्रार नोंदवली. आम्ही अजून चाळीच्या दारातच होतो.

खेतवाडीची पहिली गल्ली नकाशावर हिरवीगार होती. फोटो भल्या पहाटेचा असणार, कारण फोटोत गल्ली रिकामी होती आणि आमच्या समोर तिच्यात क्रिकेटचा सामना चालू होता. खेळाडू चाळिशीतले, पोट सुटलेले, कमालीचे गंभीर.

"मावशी, जरा थांबा. ओव्हर संपू दे."

आम्ही थांबलो. तेवढ्यात धावबादवरून भांडण जुंपलं. दोन्ही बाजूंनी आया-बहिणींचा उल्लेख होण्याच्या बेताला कुणीतरी ओरडलं, "ए, मावशी न्यूट्रल आहेत! मावशींना विचारा!"

सुलभा एरवी क्रिकेट बघत नाही. पण मार्क द्यायची वेळ आली की तिच्या पाठीचा कणा ताठ होतो. "चेंडू आधी स्टंपला लागला," ती म्हणाली. "तुझी बॅट रेषेवर होती, आत नव्हती. बाद."

"मावशी, कुठल्या वाडीच्या तुम्ही?"

तिने सांगितलं.

"तरीच!" असं म्हणून तो तंबूत, म्हणजे एका उभ्या स्कूटरवर, जाऊन बसला. जिंकणाऱ्या बाजूने सायकलला मागून हात लावत तिला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं.

पुढच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक बाई ओरडल्या, "काय आणलंय गं आज? कोथिंबीर कशी दिलीस?"

तारेच्या टोपलीचा हा परिणाम. सुलभाने मान वर करून सांगितलं, "कोथिंबीर नाही. फक्त नवरा आहे, तोही मागे राहिलाय."

मी खरंच मागे राहिलो होतो. माझ्या सायकलची साखळी उतरली होती.

चिंचपोकळीच्या पुलाजवळ मात्र बाईंनी आम्हाला अडकवलं. "पुढे अरुंद पण सुरक्षित मार्ग आहे," असं म्हणून त्यांनी आम्हाला पदपथावरच्या लोखंडी खांबांमधून नेलं. दुचाकी जाईल एवढीच फट. सुलभाचं पुढचं चाक सहज आत गेलं आणि मागची दोन चाकं खांबांमध्ये घट्ट बसली. पुढे जाईना, मागे येईना. तीन चाकांची सायकल जगात असते, हे बाईंना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मुंबईत एखादी गोष्ट अडकली की माणसं कुठून येतात ते कळत नाही. क्षणात पाचसहा जण बाह्या सरसावून उभे. "मावशी, तुम्ही बसूनच राहा. आम्ही सायकलसकट उचलतो."

मी सुलभाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"थांबा," ती म्हणाली. "मी उतरते."

"अहो मावशी, तुमचं वजन ते काय? काय फरक पडतो?"

"मला पडतो."

खांबाला धरून ती उतरली. आधी चांगला पाय, मग नवा. मी हात पुढे केला तो तिने बघितला आणि घेतला नाही. मग एका हाताने कठड्याचा आधार घेत ती खांबांमधून पलीकडे चालत गेली. अंतर चार पावलांचं, पण तेवढा वेळ ते सगळे बाप्ये रिकामी सायकल डोक्याच्या उंचीवर धरून गुपचूप उभे राहिले. कुणी 'लवकर करा' म्हटलं नाही. पलीकडे जाऊन ती सायकलवर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "आभारी आहे. आता तुमच्यापैकी कुणी ह्यांची सारखी उतरणारी साखळी बघेल का?"

लालबागमध्ये शिरताना नकाशा पुन्हा गर्द हिरवा झाला. रस्ता सपाट, वर दुकानांच्या ताडपत्र्यांची सावली. फोटोवर बघितलं तर दहापैकी दहा. पण हे दिवस मसाल्याचे. दोन्ही बाजूंना मिरच्यांचे ढीग आणि मिरच्या कुटणाऱ्या डंक-यंत्रांची धडधड. पहिली शिंक मला आली, दुसरी सुलभाला. तिचा अंगठा घंटीवर असल्यामुळे दर शिंकेला घंटी वाजायची आणि लोक बाजूला व्हायचे. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हँडलवरून बाई शांतपणे सांगतायत, "आपण अतिशय आरामशीर विभागात आहात."

एका दुकानदाराने आम्हाला पाणी दिलं. "नवीन दिसता. कुठले?"

"गिरगावचे," मी शिंकत म्हणालो.

"मग बरोबर," तो म्हणाला.

मुक्काम सुलभाच्या मावसबहिणीकडे, मंदाकडे होता. तिच्या चाळीच्या गॅलरीत चादरीवर मिरच्या वाळत होत्या. ती धावत खाली आली, सुलभाच्या गळ्यात पडली, मग सायकलकडे बघत राहिली.

"अगो सुलू, ह्यां काय घेवन इलंस? भाजीचो धंदो सुरू केलंस की काय?"

पाहुणचाराच्या बाबतीत गिरगाव आणि लालबाग हे दोन वेगळे देश आहेत. आमच्याकडे पाहुण्याला बसवतात, पाणी देतात, मग चहा विचारतात. लालबागला माणूस जिना चढत असतानाच तव्यावर मासा पडल्याचा आवाज येतो. ताज्या मसाल्यातली सुरमई खाताना मी दुपारच्या सगळ्या शिंका माफ केल्या. सुलभाने केल्या नाहीत. तिने केतकीला फोन लावला.

"तुझ्या त्या बाईंना नाक नाही."

"काकू, भारी पॉइंट आहे! तुम्ही ॲपमध्ये तक्रार टाका. ती शिकेल."

सुलभाने तक्रार टाकली. भाषा अर्थातच कडक होती.

दुसरा दिवस: परळ, आणि परळच्या खाली

बाई रातोरात शिकल्या होत्या. जरा जास्तच शिकल्या होत्या. मसाल्याच्या दुकानाजवळून जाणारा प्रत्येक रस्ता त्यांनी लाल करून टाकला होता, आणि लालबागमध्ये मसाल्याच्या दुकानाजवळून न जाणारा रस्ता शोधून दाखवा! सुलभाने सकाळी फोन चालू केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आरामशीर मार्ग उपलब्ध नाही. कृपया आहात तिथेच थांबा."

मंदाला अत्यानंद झाला. "बघ, त्या बायेक पण कळता! र्‍हव आजचो दिस. मी खेकडे हाडतंय."

खेकड्यांचं नाव ऐकून मीही विरघळलो होतो, पण सुलभा पायताण घालून तयार. तेव्हा मी पुढारीपण घेतलं. "मशीनवर कशाला अवलंबून राहायचं? परळ मला तळहातासारखं माहीत आहे. मी नेतो."

मला जे परळ माहीत होतं ते गिरण्यांचं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्यामध्ये एखादी जुनी चिमणी वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी उभी असते. अर्धा तास आम्ही एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर फिरलो. प्रत्येक ठिकाणी पहारेकरी विचारायचा, "कोणत्या कंपनीत जायचंय?" शेवटी दोन इमारतींच्या मध्ये मला एक सुंदर रस्ता दिसला. गुळगुळीत, रुंद, थंडगार, ना हॉर्न ना माणूस.

"हा बघ," मी म्हणालो. "याला म्हणतात आरामशीर. हो पुढे."

सुलभा पुढे झाली. रस्ता उजवीकडे वळला, मग आणखी उजवीकडे वळला, आणि वळता वळता उतरायला लागला.

"अहो, हा रस्ता खाली चाललाय!"

"थोडा उतार असेल."

"थोडा नाही!"

एवढं बोलून ती वळणाआड गेली. मला फक्त घंटी ऐकू येत होती, सतत, आणि प्रत्येक वळणाला आणखी खालून. तो एका मॉलच्या वाहनतळाचा उतार होता, जिलबीसारखा गोल गोल जमिनीत जाणारा. मी सायकल टाकली आणि तिच्या मागे पळत सुटलो. पळताना डोक्यात फक्त तो नवा गुडघा. आता भिंतीवर आदळल्याचा आवाज येणार, असं प्रत्येक वळणावर वाटत होतं. मध्येच घंटी थांबली. 

सगळ्यात खाली पोचलो तर सुलभा सायकलवरच बसलेली. दोन्ही ब्रेक आवळलेले, पुढचं चाक तिथल्या आडव्या दांड्याला टेकलेलं. 

"गुडघा?" मी धापा टाकत विचारलं.

"जागेवर आहे." तिने दीर्घ श्वास घेतला. "परळ तळहातासारखं माहीत आहे ना? हात दाखवा बघू."

दांड्याशेजारच्या पडद्यावर अक्षरं चमकत होती: 'वाहन क्रमांक ओळखता आला नाही.' त्या बिचाऱ्या यंत्राने तीनतीनदा फोटो काढला होता. पहारेकरी धावत आला. त्याने सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"गाडी का नंबर?"

"नंबर नही है," मी म्हणालो.

"तो अंदर कैसे आया?"

"ढलान से," सुलभा म्हणाली.

माणूस भला होता. उतारावरून वर चढणं तिला शक्य नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आम्हाला सामानाच्या लिफ्टमध्ये सायकलसकट चढवलं. एवढी मोठी लिफ्ट मी कधी पाहिली नव्हती. आमची चाळीतली खोली त्यात मावली असती. लिफ्ट उघडली ती थेट अत्तरांच्या दुकानासमोर. गुळगुळीत फरशीवरून सुलभा सायकल चालवत निघाली, मी मागून, आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतली एक विक्रेती पुढे येऊन, "मॅम, ट्राय करणार?" म्हणत तिच्या मनगटावर अत्तर फवारती झाली. सुलभाने मनगट हुंगलं, विचार केला आणि म्हणाली, "लालबागचा मसाला बरा होता."

काचेच्या दारातून उन्हात आल्यावर तिने मला विचारलं, "झाली लिफ्टची हौस?"

 मला अजून ती बंद पडलेली घंटी ऐकू येत होती.

उताराच्या तोंडाशी टाकलेली माझी सायकल घेऊन पुढचा रस्ता आम्ही माणसांना विचारत विचारत काढला आणि दुपारी दादरला केतकीच्या घरी पोचलो. तिने थालीपीठं लावली आणि आमच्या तक्रारी ऐकता ऐकता लॅपटॉप उघडला. यंत्र कसं शिकतं ते तिने दाखवलं. पडद्यावर दोन रस्त्यांचे फोटो शेजारी शेजारी येतात. यातला कोणता आरामशीर वाटतो ते माणसाने सांगायचं. अशी हजारो उत्तरं यंत्राला दिली की माणसाला काय आवडतं ते त्याला उमगतं आणि मग न विचारलेल्या रस्त्यांनाही ते मार्क देतं.

"ही उत्तरं कुणी दिली?" सुलभाने विचारलं.

"आम्हीच. ऑफिसातल्या सगळ्यांनी."

"वयं?"

"पंचवीस, तीस..."

"मग तुमची बाई पंचवीस वर्षांची झाली. सरक जरा."

ती लॅपटॉपसमोर बसली ती संध्याकाळपर्यंत. अंगात शाळेतला पेपर तपासण्याचा वेग. मी मागे उभा राहून बघत होतो आणि चकित होत होतो. मोकळा, रुंद, रिकामा रस्ता आला की ती त्याला नापास करायची. अरुंद, ओट्यांवर माणसं बसलेली, वर कपडे वाळत घातलेली गल्ली आली की पास.

"काकू, इथे तर गर्दी आहे," केतकी म्हणाली. "सायकल हळू चालवावी लागेल."

"हळूच चालवायची आहे. आणि दमले तर टेकायला ओटा हवा. रिकाम्या रस्त्यावर मी कुणाशी बोलू?"

केतकीने फोटोंचा आणखी एक गठ्ठा उघडला. मग म्हणाली, "काकू, अजून शंभरेक फोटो बघाल?"

तिसरा दिवस: प्रभादेवी, वरळी

सकाळी बाईंचा आवाज तोच होता, पण बाई बदलल्या होत्या. केतकीने रात्री त्यांना सुलभाची उत्तरं पाजली होती. "आज आपण ओळखीच्या वाटणाऱ्या रस्त्यांनी जाऊ," त्या म्हणाल्या. 'सौम्य डावीकडे'ही गेलं होतं. आता त्या 'हलकंसं डावं वळण घ्या' म्हणत होत्या. सुलभाने मान डोलावली. पास.

रस्ता मात्र वेड्यासारखा लांबला. सरळ जायचं सोडून बाई आम्हाला एका आळीतून दुसऱ्या आळीत नेत होत्या. प्रभादेवीला एका वाडीत ओट्यावर पापड लाटणाऱ्या बायकांनी आम्हाला थांबवून लाट्या खायला दिल्या. एका गल्लीत लग्नाच्या मांडवातून जावं लागलं. मुलीच्या मामांनी आम्हाला मुलाकडचे समजून गुलाबपाणी शिंपडलं आणि पेढे दिले. सुलभाने स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं, मी तिच्या तोंडात पेढा घातला. बीडीडी चाळींच्या बाजूला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर तिची सायकल मागून घेतली आणि मोठ्या गांभीर्याने एक फेरी मारून आले. "मस्त आहे," ते म्हणाले. "माझ्या सुनेला सांगा. ती नाही म्हणते."

मी पन्नास वर्षं या भागातून जात आलो आहे. नेहमी पोचायचं असायचं, त्यामुळे बघितलं काहीच नव्हतं. त्या दिवशी आमचा वेग एवढा कमी होता की दारावरच्या पाट्याही वाचून होत होत्या. एका ओट्यावर टेकून उसाचा रस पिताना माझ्या लक्षात आलं की दोन दिवस मी खारघरचा विचारच केलेला नाही.

समुद्र दिसला आणि वारा इतका समोरून आला की सुलभाची सायकल जवळजवळ थांबली. ती पुढे वाकून पायडल मारत होती. मी शेजारून म्हणालो, "ढकलू का?" तिने बोलायला दम न घालवता नुसती मान हलवली. मी माझी सायकल तिच्या पुढे काढली आणि वाऱ्याच्या तोंडाला राहिलो. आडोशाला माझा उपयोग होतो, एवढं तिने मान्य केलं.

कोळीवाड्याच्या तोंडाशी बाई एकदम गप्प झाल्या. आतल्या बोळांचे फोटो त्यांनी पाहिलेच नव्हते. नकाशावर नुसता करडा रंग. सुलभाने पहिल्या ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बाईला जयवंतीचं घर विचारलं. तिने दुसऱ्या ओट्याकडे हाक मारली, "अगो, जयवंतीबायची मास्तरीण मैत्रीण आली!" दुसऱ्या ओट्याने तिसऱ्याला. आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली. जयवंती बोळाच्या टोकाला ओल्या हातांनीच उभी होती.

"सुलभा," ती म्हणाली आणि ओले हात पदराला पुसू लागली. सुलभा सायकलवरून उतरली आणि चालत तिच्याकडे गेली. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी सायकलची घंटी पुसत बसलो.

जेवणाचं वर्णन करत नाही. ज्यांना तिथलं ताजं पापलेट मिळत नाही त्यांचा जीव जाळण्यात अर्थ नाही. जेवणानंतर जयवंतीने सायकलवर बसून बोळातून एक चक्कर मारली. तिच्या मागे टोपलीत शेजारची एक कोळीण बसली होती आणि सगळा कोळीवाडा टाळ्या वाजवत होता.

परत येऊन ती ओट्यावर टेकली. "मग काय, जिंकलीस! आता गिरगावातच."

सुलभा समुद्राकडे बघत म्हणाली, "नाही गं. मी खारघरला जाईन म्हणते."

मला ठसका लागला. "काय?"

"तुम्ही दोघं बापलेक मला उचलून नेणार होता. सामानासारखी. म्हणून नको होतं. आता मी कुठेही जाऊ शकते, मग तिथे जायला काय हरकत आहे? नातवंडं आहेत. लिफ्ट आहे. तुम्हाला हवीच होती ना?"

"मला?" मी म्हणालो. "मला आता नकोय. मी गिरगाव सोडणार नाही."

जयवंती आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

परतल्यावर

येताना टेम्पोने आलो. पुढच्या रविवारी निखिल निकाल ऐकायला आला. "मग, काय ठरलं?"

"मी येते," सुलभा म्हणाली.

"मी येत नाही," मी म्हणालो.

निखिलने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्याने डोकं धरलं. बरीच चर्चा झाली, चहा झाला, शेवटी सुलभानेच तोडगा काढला. ती पंधरा दिवस राहून बघणार, एकटी, सायकलसह. मी इथे राहून बघणार. केतकीने हौसेने खारघरचा नकाशाही करून दिला, पण घाईत जुन्याच, ऑफिसातल्यांच्या उत्तरांवरून.

तेव्हापासून मी तीन जिने चढतो, भाजी आणतो, आणि संध्याकाळी आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून फोनची वाट बघतो. पहिल्या फोनवर ती जरा नाराज होती. "इथे सगळेच रस्ते हिरवे आहेत हो. रुंद, सपाट, झाडं. बाई दिवसभर आरामशीर, आरामशीर म्हणते. पण इमारतीखाली कुणी बसतच नाही. लोक लिफ्टमधून निघतात ते थेट गाडीत."

"मग परत ये," मी लगेच म्हणालो.

"बघते," ती म्हणाली.

चार दिवसांनी आवाज वेगळा होता. तिने निखिलची जेवणाच्या टेबलाची खुर्ची लिफ्टमधून खाली नेली होती आणि फाटकाजवळच्या झाडाखाली टाकून बसली होती. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने हटकलं. दुसऱ्या दिवशी आठव्या मजल्यावरच्या एक गुजराती आजी येऊन उभ्याने बोलून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या आपली खुर्ची घेऊन आल्या, सोबत आणखी दोघी. एकीचा गुडघा पुढच्या महिन्यात बदलायचा आहे. सुलभा तिला रोज सायकल शिकवते.

"तुम्ही शनिवारी येताय ना?" तिने विचारलं.

किती दिवसांसाठी ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. मी फक्त हो म्हणालो.

"मग आपल्या घरातल्या दोन खुर्च्या घेऊन या," ती म्हणाली. "इथे बायकांना बसायला जागा पुरत नाही."